निरोगी मुलं, कावीळ आणि एक हिरवा बाण

पीएचडीच्या पहिल्या वर्षी आमच्या विभागात दर शुक्रवारी जर्नल क्लब असायचा. माझी पाळी आली तेव्हा मी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेचा, म्हणजे एनआयव्हीचा, २००१ सालचा एक पेपर निवडला. डॉ. विद्या अरणकल्ले आणि सहकाऱ्यांचा, 'जर्नल ऑफ व्हायरल हिपॅटायटिस'मध्ये आलेला. १९८२ ते १९९८ या काळात शहरी आणि ग्रामीण भारतात हिपॅटायटिस ए आणि ई यांचं चित्र कसं बदललं, हा त्याचा विषय. मी स्लाइडवर ठळक अक्षरात लिहिलं होतं, 'शहरातल्या सधन घरातल्या मुलांमध्ये हिपॅटायटिस ए चं प्रमाण लक्षणीय घटलं.' शेजारी खाली जाणारा एक बाण. हिरवा.

मागच्या बाकावरून एका सरांनी विचारलं, "बाण हिरवा का?"

मी म्हटलं, "सर, इन्फेक्शन कमी झालं ना."

"बरं. मग कावीळ कमी झाली का?"

मला उत्तर देता आलं नाही. पेपर मी तीन वेळा वाचला होता, आकडे तोंडपाठ होते. पण निरोगी मुलांच्या रक्तातला आकडा नक्की काय सांगतो, याचा विचारच केला नव्हता. तुमच्यापैकी जे पेटच्या मुलाखतीची किंवा सिनॉप्सिसची तयारी करतायत, त्यांनी असले सीरोप्रिव्हलन्सचे पेपर ढिगाने पाहिले असतील: अमुक शहर, अमुक इतकी मुलं, इतके टक्के पॉझिटिव्ह. करायला सोपे वाटतात म्हणून अनेकांचा पहिला प्रोजेक्टही हाच असतो. म्हणून आज तो पेपर, त्याच्या आधीचा १९९५ चा पेपर, आणि माझा हिरवा बाण, तिघांनाही जरा तपासून बघू.

पहिली गोष्ट, मोजलंय काय? मूल आजारी आहे का, हे नाही. आयजीजी प्रकारची अँटीबॉडी मोजलीय. ती सांगते, की हा विषाणू या मुलाच्या शरीरात कधीतरी येऊन गेला. कालही आला असेल, चार वर्षांपूर्वीही. हिपॅटायटिस ए मध्ये ही अँटीबॉडी दीर्घकाळ, बहुधा जन्मभर टिकते. त्यामुळे 'दहा वर्षांच्या ९० टक्के मुलांमध्ये अँटीबॉडी' याचा अर्थ ९० टक्के मुलांना कावीळ आहे असा नाही. ९० टक्के मुलं त्यातून सुटून, सुरक्षित होऊन बसली आहेत, असा आहे. वर्तमानपत्रात मात्र हा आकडा हमखास 'दहापैकी नऊ मुलांना काविळीचा विळखा' असा छापून येतो.

दुसरी गोष्ट वयाची. हिपॅटायटिस ए चा विषाणू दोन-तीन वर्षांच्या मुलाला गाठतो तेव्हा बहुतेक वेळा घरच्यांना पत्ताही लागत नाही. सहा वर्षांखालच्या मुलांपैकी साधारण १० टक्क्यांनाच डोळे पिवळे होण्याइतकी कावीळ होते. मोठी मुलं आणि प्रौढ यांच्यात हेच प्रमाण ७० टक्क्यांच्या वर जातं. विषाणू तोच, पाणी तेच, फक्त गाठ पडण्याचं वय बदललं की आजार बदलतो.

आता जरा हिशेब करू. वही घ्या, खरंच. जागतिक आरोग्य संघटना हिपॅटायटिस ए साठी प्रदेशांची जी वर्गवारी वापरते तिच्यात, दहाव्या वर्षापर्यंत ९० टक्के किंवा जास्त मुलांमध्ये अँटीबॉडी असेल तर तो उच्च प्रसाराचा भाग. दहाव्या वर्षी ९० पेक्षा कमी, पण पंधराव्या वर्षापर्यंत निदान ५० टक्के, हा मध्यम प्रसाराचा. साथरोगशास्त्रातलं सगळ्यात साधं गणित असं, की दरवर्षी संसर्ग होण्याचा दर λ एकसारखा धरला, तर वय a ला अँटीबॉडी असलेल्यांचा वाटा १ − e^(−λa) इतका येतो. दहाव्या वर्षी ९० टक्के बसवा, λ येतो सुमारे ०.२३. संसर्गाचं सरासरी वय त्याचं उलट, म्हणजे साधारण ४.३ वर्षं. आता मध्यम गटाची खालची सीमा घ्या, पंधराव्या वर्षी ५० टक्के. λ येतो ०.०४६. सरासरी वय, २१.६ वर्षं.

बालवाडीतला संसर्ग कॉलेजात गेला!

आणखी एक पायरी. पहिल्या गावात १०० मुलांपैकी साधारण ७५ जणांना सहाव्या वर्षाआधीच संसर्ग होतो, उरलेल्या २५ जणांना नंतर. वरची टक्केवारी लावा, लहानांचे १० टक्के, मोठ्यांचे ७० टक्के. कावीळ होते सुमारे २५ जणांना. दुसऱ्या गावात सहाव्या वर्षाआधी फक्त २४ जणांना संसर्ग होतो, सहा ते चाळीस या वयात ६० जणांना, आणि १६ जण चाळिशीपर्यंत सुटतात. इथे कावीळ होते सुमारे ४५ जणांना. संसर्ग कमी, १०० च्या जागी ८४. कावीळ जवळपास दुप्पट. गणित कच्चं आहे, खऱ्या जगात λ वयाप्रमाणे आणि वर्षाप्रमाणे बदलतो, साथ आली की उसळतो. पण दिशा कळायला इतकं पुरे. सरांना त्या दिवशी हेच हवं होतं.

पेपरकडे परत येऊ. लेखकांचा मुख्य निष्कर्ष असा, की शहरी सधन गटातल्या मुलांमध्ये हिपॅटायटिस ए ची अँटीबॉडी या सोळा वर्षांत स्पष्टपणे घटली. गरीब शहरी गटात आणि ग्रामीण भागात मात्र तशी घट नाही, तिथली मुलं पूर्वीसारखीच लहान वयात संसर्गातून जातायत. मला हा निष्कर्ष पटतो. आणि या पेपरचं मोठेपण इथेच आहे असं माझं मत आहे, की त्यांनी मुलांना आर्थिक स्तरानुसार वेगळं काढलं. ते केलं नसतं तर शहराची एकच सरासरी आली असती, कुठलीतरी मधलीच, जी ना कोथरूडच्या मुलाला लागू ना वस्तीतल्या. आजही कितीतरी प्रबंधांत 'एका शहरातली ४०० निरोगी मुलं' असं लिहून सगळी एकाच टोपलीत टाकतात, तेव्हा मला हा पेपर आठवतो.

पण टीका करायची तर करूच. शीर्षकात 'भारत' आहे, कहाणीचा कणा मात्र पुणे शहराचा आहे. केरळ, बिहार, ईशान्येकडची राज्यं यांचं पाणी, घरं, शाळा, सगळं वेगळं. पुण्याच्या आकड्यावरून देशाचं वाक्य लिहिणं हा आपल्या सगळ्यांचा जुना रोग. तुमचा तालुका असेल तर शीर्षकात तालुकाच लिहा, लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही.

दुसरा मुद्दा जास्त नाजूक आहे. १९८२ ची मुलं आणि १९९८ ची मुलं ही वेगळी मुलं. एकाच मुलाचा सोळा वर्षं पाठपुरावा केलेला नाही, वेगवेगळ्या वर्षी काढलेले हे छेद आहेत. अशा वेळी 'सधन' या शब्दाचा अर्थ मधल्या काळात तोच राहिला का, हे विचारायला हवं. १९८२ चं पुण्यातलं सधन घर आणि १९९८ चं सधन घर यात नळ, गच्चीवरची टाकी, पाण्याचा फिल्टर, शाळेची बस एवढं सगळं आलं. म्हणजे घट 'सधन लोकांमध्ये' झाली की सधन असण्याचा अर्थच बदलला? बहुधा दोन्ही. शिवाय नव्वदच्या दशकात हिपॅटायटिस ए ची लस आली. साध्या आयजीजी चाचणीला लसीची अँटीबॉडी आणि संसर्गाची अँटीबॉडी वेगळी ओळखता येत नाही. लस सधन घरातच जास्त पोचणार. म्हणजे चूक झालीच तर ती अँटीबॉडी जास्त दाखवण्याच्या बाजूला होईल, आणि नैसर्गिक संसर्गातली खरी घट दिसते त्याहून मोठीच असेल. निष्कर्ष कोसळत नाही, उलट बळकट होतो. टीका करताना हे बघायचं असतं: सापडलेला दोष निष्कर्षाला कुठल्या दिशेने ढकलतो? फक्त 'मर्यादा आहेत' असं लिहून सुटू नका.

यात पणाला काय लागलंय ते मला जर्नल क्लबमध्ये नाही, हॉस्टेलवर कळलं. दुसऱ्या वर्षी माझी रूममेट आजारी पडली. आधी मळमळ, मग जेवणाचा वासही नको, मग डोळे पिवळे. हिपॅटायटिस ए. वय २६, घरी लहानपणापासून प्युरिफायरचं पाणी. सहा आठवडे गेले, लॅबमधली तिची सेल लाइन तेवढ्यात मेली, एक अख्खी फेरी पुन्हा करावी लागली. मेसमध्ये वाढणारी सगळी मंडळी तेच पाणी पीत होती आणि ठणठणीत होती. तिची आई फोनवर म्हणत होती, "आम्ही हिला बाहेरचं काही खाऊच दिलं नाही हो कधी." माझ्या हिरव्या बाणाच्या टोकाला ही मुलगी उभी होती. २०२४ मध्ये केरळच्या एर्नाकुलम जिल्ह्यातल्या वेंगूर गावात पुरवठ्याच्या पाण्यातून दोनशेच्या वर लोकांना हिपॅटायटिस ए झाला. शिक्षण, आरोग्य यांत पुढे असलेल्या राज्यात प्रौढांची अशी साथ येते, तेव्हा लोकांना नवल वाटतं. मला आता वाटत नाही.

मग उपाय काय, मुलांना गढूळ पाणी पाजायचं? असं कुणी म्हणत नाही. पण लस कुणाला, कुठे, कुठल्या वयात द्यायची हे ठरवायला हाच आकडा लागतो. आपल्या राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात हिपॅटायटिस ए ची लस नाही, ती पैसे देऊन खासगी डॉक्टरांकडे मिळते. जिथे मुलं पाचव्या वर्षाआधीच सुरक्षित होतात तिथे सरसकट लस देण्याने फारसं साधत नाही. जिथे λ घसरतोय तिथे साधतं. आणि λ एकाच शहराच्या दोन वॉर्डांत वेगळा असतो.

आता हिपॅटायटिस ई. माझ्या मते खरी गंमत १९९५ च्या, 'जर्नल ऑफ इन्फेक्शस डिसीजेस'मधल्या पेपरात आहे. तिथे पुण्यातले १९८२ आणि १९९२ चे रक्तनमुने तपासले. थांबा आणि ती साल पुन्हा वाचा. हिपॅटायटिस ई चा विषाणू इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पहिल्यांदा दिसला १९८३ मध्ये. म्हणजे १९८२ चं रक्त काढलं तेव्हा ज्याच्यासाठी ते पुढे तपासलं जाणार होतं तो विषाणू कुणी पाहिलाही नव्हता! कुणीतरी त्या बाटल्या नीट लेबल लावून, गोठवून, वर्षानुवर्षं सांभाळल्या. डीप फ्रीझरची नोंदवही लिहायचा कंटाळा येतो ना, त्या दिवशी हे आठवा.

निकाल चक्रावणारा होता. ए आणि ई दोन्ही दूषित पाण्यातून पसरतात, तेव्हा दोन्हींचे वयानुसार आलेख सारखे दिसायला हवेत. पण ए ची अँटीबॉडी बालवयातच जवळपास सगळ्यांत, आणि ई ची लहान मुलांत अगदी नगण्य. ती तरुणपणी वाढते, तीही सगळ्यांत नाही. याचा एक मोठा परिणाम आहे. दिल्लीत १९५५–५६ मध्ये यमुनेचं सांडपाणी मिसळलेल्या पाण्यामुळे २९,३०० लोकांना कावीळ झाली. मुख्यतः तरुण प्रौढांना. बरीच वर्षं ती हिपॅटायटिस ए ची साथ मानली जायची, पुढे साठवलेले नमुने तपासल्यावर ती ए नव्हे, ई ची निघाली. वयाचा आलेख डोळ्यांसमोर असता तर शंका आधीच आली असती: ए असता तर दिल्लीतल्या प्रौढांमध्ये त्याच्यासाठी कोरी माणसं उरलीच कुठे होती? आणि हे नुसतं कोडं नाही. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत हिपॅटायटिस ई झाला तर मृत्यूचं प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत नोंदलं गेलंय. लहानपणी ई न गाठलेल्या मुलीच पुढे या वयात येतात.

लहान मुलांत ई कमी का, याचं समाधानकारक उत्तर पेपरात नाही. ई चा विषाणू पाण्यात कमी संख्येने असतो, किंवा लहान मुलांमध्ये अँटीबॉडी बनून लवकर विरते, असे तर्क करता येतात. पण इजिप्तच्या ग्रामीण भागात २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पहिल्या दहा वर्षांतच ६० टक्क्यांहून अधिक मुलांत ई ची अँटीबॉडी सापडली. मग पाण्यातून पसरणारा विषाणू पुण्यात मुलांना सोडतो आणि नाईलच्या काठी पकडतो, ते का?

इथे घाईने जीवशास्त्रात शिरू नका, आधी किट बघा. इंग्लंडच्या नैऋत्य भागातले ५०० रक्तदाते २०१० मध्ये छापलेल्या एका तुलनेत दोन वेगळ्या कंपन्यांच्या किटने तपासले. तीच माणसं, तेच रक्त. एका किटने ३.६ टक्के सांगितले, दुसऱ्याने १६.२ टक्के. चौपटीहून जास्त फरक, फक्त डबा बदलल्यामुळे. त्यामुळे हिपॅटायटिस ई च्या बाबतीत दोन शहरांचे, दोन दशकांचे आकडे शेजारी ठेवून 'वाढ' किंवा 'घट' म्हणणारा पेपर हाती आला, की मी सरळ पद्धतीच्या विभागात किटचं नाव शोधते. १९९५ च्या पेपरची बाजू इथे भक्कम आहे, कारण जुने आणि नवे नमुने एकाच प्रयोगशाळेत तपासून तुलना केलीय. पुणे विरुद्ध इजिप्त या तुलनेला मात्र तो आधार नाही. पुण्यातल्या पुण्यात, ए विरुद्ध ई हा फरक इतका प्रचंड आहे की तो केवळ किटचा खेळ असेल असं मला वाटत नाही.

बी आणि सी ची जात वेगळी, ते रक्तातून आणि आईकडून बाळाकडे जातात. त्यामुळे प्रश्नही उलटा होतो. हिपॅटायटिस बी मध्ये मूल जितकं लहान तितका धोका मोठा. जन्माच्या वेळी संसर्ग झाला तर सुमारे ९० टक्के बाळांमध्ये तो कायमचा राहतो, निरोगी प्रौढांमध्ये ५ टक्क्यांहून कमी. इथे निरोगी मुलांत एचबीएसएजी सापडणं म्हणजे इतिहास नव्हे, चालू संसर्ग. आणि इथे खाली जाणारा बाण खरोखर हिरवा आहे. तैपेईमध्ये १९८४ साली मुलांत हे प्रमाण ९.८ टक्के होतं, त्याच वर्षी तैवानने नवजात बाळांना लस सुरू केली, १९९४ मध्ये ते १.३ टक्क्यांवर आलं. आपल्याकडे ही लस आधी काही ठिकाणी, मग २००७–०८ मध्ये महाराष्ट्रासह दहा राज्यांत, आणि २०११–१२ पासून देशभर आली.

आता उद्दिष्ट आहे, २०३० पर्यंत पाच वर्षांच्या मुलांत ०.१ टक्का किंवा कमी. आणि इथे आपले छोटे प्रोजेक्ट तोंडावर पडतात. समजा तुम्ही ३०० निरोगी शाळकरी मुलं तपासली आणि एकही पॉझिटिव्ह नाही. आनंदाने 'प्रमाण शून्य' लिहाल. तीनचा नियम असं सांगतो, की शून्य सापडल्यावर ९५ टक्के विश्वासार्हतेची वरची मर्यादा साधारण ३ भागिले नमुना, म्हणजे इथे १ टक्का. उद्दिष्टाच्या दहापट! ०.१ टक्का म्हणायचं तर निदान ३,००० मुलं हवीत, आणि तीही सगळी शून्य. एकाच शाळेतली असतील तर आणखी जास्त, कारण एका वस्तीतली मुलं एकमेकांसारखी असतात.

उलट बाजूचा खड्डाही तितकाच खोल. १,००० मुलं, खरं प्रमाण ०.३ टक्के, चाचणीची स्पेसिफिसिटी ९९.५ टक्के. कागदावर उत्तम किट. ३ खरी पॉझिटिव्ह, आणि ५ खोटी. आठ घरांत तुम्ही बातमी देणार, त्यातल्या पाच घरांत ती चुकीची. हिपॅटायटिस सी ला हेच लागू, वर दीड वर्षाच्या आतल्या बाळात आईच्या अँटीबॉडी असू शकतात, म्हणून इतकी लहान बाळं अँटीबॉडीच्या अभ्यासात घेतली तर आपण मुलाला नव्हे, आईला मोजत असतो.

'निरोगी' या शब्दाबद्दल एवढंच, की शाळेत सापडलेलं मूल निरोगी असतं आणि शाळेत आलेलंही असतं. जे ऊसतोडीला गेलं, जे दवाखान्यात आहे, ते तुमच्या टक्केवारीत नाही. ओपीडीतून हर्नियाच्या ऑपरेशनला आलेली मुलं 'निरोगी' म्हणून घेतलेले प्रबंधही मी पाहिलेत.

माझ्या सिनॉप्सिसमध्ये सुरुवातीला ए, बी, सी, ई सगळं होतं, २५० मुलं. गाईड मॅडमनी लाल पेनाने बी आणि सी खोडलं, ३,००० चा हिशेब त्यांनीच शिकवला. मी जरा हट्ट केला, की रक्त काढतोच आहोत तर तपासून टाकू, जास्तीचं एक टेबल होईल. मॅडम म्हणाल्या, "आणि एक पोरगं पॉझिटिव्ह निघालं तर? त्याच्या घरी कोण जाणार, तू?" कन्फर्मेटरी चाचणी कुठे, तिचा खर्च कोण देणार, शाळेला कळलं तर त्या मुलाचा डबा कोण वाटून खाईल, आईला तपासायला सांगितल्यावर त्या घरात काय होईल, यातल्या एकाचंही उत्तर माझ्या प्रस्तावात नव्हतं.

आता माझ्या अभ्यासात फक्त ए आणि ई आहेत, दोन वॉर्ड, वयाचे सहा गट, एकच किट आणि प्रत्येक मुलाच्या लसीकरण कार्डाची प्रत. पालकांच्या संमतीपत्रावर तिसऱ्या ओळीत लिहिलंय, की या तपासणीतून तुमच्या मुलाला कावीळ आहे की नाही हे कळणार नाही. परवा एका वडिलांनी ती ओळ दोनदा वाचली आणि विचारलं, "मग कळणार काय?" मी त्यांच्या शेजारी बाकावर बसले आणि हा वरचा हिशेब, λ वगळून, पुन्हा एकदा सांगितला. वीस मिनिटं लागली. त्यांनी सही केली, आणि निघताना धाकट्याच्या ए च्या लसीची किंमत विचारली.